सुट्टीत मुलांना घेऊन डोंगरातल्या आदिवासी गावात महिनाभर राहावं म्हणतेय. सल्ला हवाय.

आनंदी_गोगलगाय

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आम्ही पुण्याचे. मी आणि नवरा दोघंही घरून काम करतो. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. 'परिसर अभ्यास' असो की विज्ञान, दोघांना पैकीच्या पैकी. प्लास्टिकचे दुष्परिणाम पाच ओळींत लिहा म्हटलं की सहा लिहितात. परवा सोसायटीतल्या कडुनिंबाखाली उभं राहून मुलाला विचारलं, हे झाड कुठलं? तो म्हणाला, "पार्किंगवालं."

तर डोक्यात असं आहे की पुढच्या मे महिन्यात भीमाशंकरच्या डोंगरात, आंबेगाव-जुन्नर-अकोले या पट्ट्यातल्या एखाद्या महादेव कोळी वाडीत महिनाभर राहावं. खोली भाड्याने घ्यायची, तिथलंच जेवायचं आणि लोक जंगलासोबत कसे जगतात ते मुलांनी बघावं, शिकावं. 'आदिवासींसोबत शाश्वत जगणं, एक रात्र दोन दिवस' अशी एक जाहिरात पाहिली. त्यात शेकोटी, नाच आणि 'अमर्यादित चिकन' होतं. तसलं काही नकोय.

असं कुणी केलंय का? गावात कुणाशी बोलायचं? पैसे कसे आणि कुणाला द्यायचे? आणि मुख्य म्हणजे हे त्या लोकांना आवडेल का, की आपण उगाच त्यांच्या डोक्याला ताप?

टिवल्याबावल्या

अमर्यादित चिकन हे सर्वात शाश्वत आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डोंगरची_हवा

कल्पना उत्तम. त्या भागात बरीच भटकंती झाली आहे. माणसं इतकी साधी आणि समाधानी, की आपल्यालाच लाज वाटावी. गरजा कमी, हव्यास नाही, निसर्गाशी एकरूप. मुलांना घेऊन जाच. आहुप्याला जा. देवराई आहे, कड्यावरून खाली कोकण दिसतं. पहाटे शेकरू हमखास दिसते. आपला राज्यप्राणी फोटोशिवाय पाहिलेली किती मुलं असतील?

सिॲटलकर

वाचतेय. आमच्याकडे मुलांना समर कँपमध्ये काडेपेटीशिवाय आग पेटवायला शिकवतात आणि त्याचे भरमसाट डॉलर घेतात. माझी आजी रोज एका काडीत चूल पेटवायची, तिला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही.

भातखाचर

मी त्याच पट्ट्यातला. गाव आहुप्याच्या अलीकडे, नाव सांगत नाही, भावकीतले लोक इथे वाचतात. नोकरी चाकणला, पण सुट्टी मिळाली की गावाकडेच.

डोंगरची_हवा, राग मानू नका, पण 'समाधानी' हा शब्द आमच्याबद्दल वाचला की आम्हाला हसू येतं. मेमध्ये या आणि आमच्या आईला विचारा. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही इतका पाऊस, आणि एप्रिल संपता संपता विहिरीच्या तळाला वाटीने पाणी भरावं लागतं. सगळं पाणी उतारावरून पळून जातं. बायका रात्रीच हंडे रांगेला लावून येतात. खाली डिंभे धरण भरलेलं दिसतं, ते पाणी आमचं नाही.

आता मूळ प्रश्न. ताई, मे महिन्यात आमच्याकडे काय चालू असतं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

हिरडा. झाडावर चढून फांद्या झोडायच्या, खाली बायकापोरं वेचतात. फळात अठळी धरायच्या आत काढला तर तो बाळहिरडा. अठळी धरली की भाव पडला. मग अंगणात, खळ्यावर, जिथे ऊन असेल तिथे वाळत घालायचा. आठवडाभरात हिरव्याचा काळा होतो, सुरकुततो आणि हातात घेतला की खडखड वाजतो. न वाजणारा व्यापारी बाजूला काढतो. वळवाचा पाऊस आला तर ताटावरचा माणूस उठून पळतो, कारण भिजला की बुरशी. आमच्याकडे वर्षाचा रोख पैसा हाच. भात खायला, हिरडा दुकानदाराची उधारी, लग्न आणि वह्या-पुस्तकांना. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात आमच्या डोंगरात हिरड्याची जुनी झाडं पडली. नवीन रोप लावून ते हाताशी यायला माणसाचं अर्धं वय जातं. भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली.

तेव्हा मेमध्ये पाहुणा आला तर त्याला पाणी द्यायला बाई नसते आणि बोलायला माणूस नसतो. यायचं तर वेचायला या. वेचाल?

आनंदी_गोगलगाय

बाप रे. मनापासून धन्यवाद. वेचू. पण आम्ही वेचल्यामुळे कुणाची मजुरी तर जाणार नाही ना?

भातखाचर

नाही जाणार. तुमच्या वेगाने वेचलं तर उलट घरच्यांना दुप्पट हसायला मिळेल.

वनस्पतीवेडी

भातखाचर यांचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर. आपल्याला वाटतं हिरडा म्हणजे त्रिफळ्यातला एक तृतीयांश. बाजारात त्याचा दुसरा मोठा उपयोग कातडी कमावायला, कारण त्यातलं टॅनिन. म्हणजे आहुप्याच्या अंगणात वाळणाऱ्या फळाचा भाव दूरच्या कारखान्यांच्या मागणीवर हलतो. मुलांना 'स्थानिक, स्वयंपूर्ण गाव' दाखवायला नेणार असाल तर हे आधी सांगून ठेवा. पूर्वीही ही गावं जगापासून तुटलेली नव्हती.

दुसरं, देवराईबद्दल. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला, त्याआधी शहरी अभ्यासकांना त्यांचं महत्त्व फारसं ठाऊक नव्हतं. नियम साधा असतो: देवाच्या रानातलं वाळकं लाकूडसुद्धा उचलायचं नाही. सडलेला ओंडका तिथेच पडून राहतो आणि त्याच्यावर बुरशी, शेवाळ, किडे असं अख्खं बिऱ्हाड वसतं. भीमाशंकरच्या रानात भर पावसात काही बुरश्या अंधारात चमकतात त्या अशाच कुजक्या लाकडावर. मुलांना एका ओंडक्यासमोर तासभर बसवा. महिन्याची गरज नाही.

डोंगरची_हवा

@भातखाचर, 'समाधानी' मागे घेतो. पण एक प्रश्न राहतोच. निसर्गासोबत जगणं म्हणायचं आणि दर उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटून भाताच्या रोपांच्या जागेवर राब जाळायचा, हे कसं बसतं? एप्रिलमध्ये कळसूबाईच्या रांगेत गेलात तर बोडकी झाडं आणि काळे चौकोन. धूर वेगळाच. हे मुलांना 'शाश्वत' म्हणून दाखवायचं?

भातखाचर

आमच्याकडे दाढ भाजणं म्हणतात. जाळणं म्हटलं की गुन्हा वाटतो.

खाली शेण, वर फांद्या, त्यावर पातेरा, गवत, आणि सगळ्यावर बारीक माती. वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं, म्हणजे आग हळू सरकते. पटकन भडकली तर वरचंच जळतं आणि जमीन कच्ची राहते. असं भाजलं की तणाचं बी मरतं, राख मिळते, आणि पावसाळ्यात रोप असं तरारून येतं की उपटताना मूठ भरते. दाढ कुठे आणि केवढी, त्यावर आवणी (भाताची लावणी) किती गुंठे होणार ते ठरतं. आमचा म्हातारा पेटलेल्या राबाच्या कडेने काठी घेऊन फिरतो, ठिणगी रानात गेली तर काय होईल हे त्याला वनखात्याच्या आधीपासून माहीत आहे.

वनस्पतीवेडी

दोघंही थोडे बरोबर. फांद्या छाटल्याने ऐनासारखं झाड मरत नाही, पुन्हा फुटतं. दोन छाटण्यांमध्ये पुरेशी वर्षं गेली तर. पण रान तेवढंच, घरं वाढली, काही भाग अभयारण्यात गेला (भीमाशंकर अभयारण्य 1985 चं), मग त्याच झाडांवर फेरा लवकर येतो. पर्यायही आहेत. भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख घालतात आणि खाचरात गिरिपुष्पाचा पाला. काहींनी स्वीकारलं, काहींनी नाही. तूस गिरणीतून परत डोंगरावर कोण आणणार, हा साधा प्रश्न असतो.

टिवल्याबावल्या

आमच्या सोसायटीत दिवाळीत जो राब भाजतात त्याने एकही रोप उगवत नाही, याची नोंद घ्यावी.

खवय्या_सीकेपी

अवांतर करतोय, माफी. या धाग्यावर अजून कुणी शेवळाच्या रानभाजीचं नाव काढलं नाही? ठाणेकर असून गप्प बसवत नाही.

जूनच्या तोंडाशी पहिला पाऊस पडला की आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात. शेवळं घेताना सोबत काकडं घ्यायचीच. ती हिरवी आंबट फळं नसतील तर शेवळं खाज आणतात, घसा धरतो. आमच्याकडे सोलून, आतला पिवळा भाग काढून, बारीक चिरून, काकडाच्या रसात शिजवून सोडे (सुकी कोलंबी) घालतात. एकदा एका हौशी मित्राने काकडं 'महाग पडतात' म्हणून टाळली. रात्रभर तो पंख्याखाली जीभ बाहेर काढून बसला होता.

वनस्पतीवेडी

खवय्या, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. आंबटाने त्रास कमी होतो. हे रसायनशास्त्र जुडी विकणाऱ्या बाईला न शिकता येतं आणि माझ्या एमएस्सीच्या मुलांना शिकून येत नाही. रानभाजीत अर्धी माहिती म्हणजे दवाखाना. अळिंबीच्या बाबतीत तर स्मशान. आनंदी, मुलांना पहिल्याच दिवशी सांगा: दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.

कोपऱ्यातला_वाचक

शेवळं दादरला कुठे मिळतात?

खवय्या_सीकेपी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. जाहीर सांगितलं तर मला उरणार नाहीत.

धानोऱ्याचा_पाहुणा

धागा पश्चिम घाटातच फिरतोय, म्हणून जरा पूर्वेकडे नेतो. कामानिमित्त काही वर्षं गडचिरोलीत होतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. पण हक्क कागदावर आला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हवा, तो वनखातं देईना. शेवटी 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

मला तिथे सर्वात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे अभ्यास गट. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते गाव बाहेर माहीत झालं, पण गावाची गंमत या गटात आहे. ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वांच्या सहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलायचा. अभ्यास गटात निर्णय होतच नाही. तिथे फक्त एखादा प्रश्न सोलायचा. मध काढताना माशा का मारायच्या? फळझाड तोडायचं की नाही? बाहेरचा जाणकार आला तर तोही जमिनीवर बसतो आणि त्यालाही उलट प्रश्न येतात. पोळं न जाळता, माशा न मारता मध काढण्याची पद्धत अशाच चर्चेतून त्यांनी उचलली.

ताई, मुलांना झाडांची नावं इथेही शिकवता येतील. चार माणसांनी एकमेकांवर न ओरडता दोन तास एकाच विषयावर बोलणं मात्र तिथे जाऊन बघण्यासारखं आहे.

टिवल्याबावल्या

म्हणजे आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या बरोब्बर उलटं.

आनंदी_गोगलगाय

मला वाटलं होतं लोक घोंगडी आणि टॉर्चची यादी देतील. तुम्ही तर अभ्यासक्रमच काढलात. वाचतेय, लिहा अजून.

नक्षत्रवेल

खान्देशातून हजेरी. साक्री तालुक्यातलं बारीपाडा राहिलं की. चैत्राम पवार यांना 2025 ची पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांत आलं, पण काम नव्वदीपासूनचं. उजाड डोंगर होता, गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली, मोडेल त्याला दंड. आज 400 हेक्टरच्या आसपास रान उभं आहे. 2004 पासून पावसाळ्यात रानभाजी स्पर्धा होते, बायका पदार्थ करून मांडतात आणि कुठली भाजी कुठून आणली ते सांगतात. एका दिवसासाठी जायचं असेल तर ते बघा. एक दिवसच, पण गाव तुमचीच वाट बघत असतं, त्यामुळे आपण कुणाच्या कामात लुडबुड करतोय असं वाटत नाही.

अकोल्याच्या बाजूला जाणार असाल तर कोंभाळणे आहे, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं गाव. बियाणं राखेत घोळून मडक्यात ठेवण्याच्या साध्या पद्धतीपासून सगळं दिसतं. काळभात, रायभोग, जिरवेल ही भाताच्या जातींची नावं मुलांना ऐकू द्या. (अकोले म्हणतेय, अकोला नव्हे. आमचे एक काका अकोल्याचं तिकीट काढून बसले होते.)

काजवा_प्रेमी

मे अखेर जाणारच असाल तर भंडारदऱ्याला काजवे चुकवू नका. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, अख्खी झाडं एका लयीत उघडझाप करतात. जन्मात एकदा बघावं.

डोंगरची_हवा

कृपया नको. शनिवारी रात्री गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, मोबाइलचे फ्लॅश, खाली गाणी. काजवा उजेडाने जोडीदार शोधतो. त्यात आपण एलईडी लावून उभे. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढतात, ती जमीन आपण बुटांनी तुडवतो. (धागाकर्तीच्या आयडीला उद्देशून नाही.)

काजवा_प्रेमी

सगळेच तसे नसतात हो. आम्ही दिवे बंद करून, शांत उभे राहून बघितलं. आणि त्या दोन-तीन आठवड्यांत घाटघरकडच्या पोरांना गाईड म्हणून, जेवणाचे असे पैसे मिळतात. ते बंद करा म्हणणं पुण्यात बसून सोपं आहे.

डोंगरची_हवा

बंद करा म्हणालो नाही. गाड्या लांब थांबवून गावकऱ्यांसोबत चालत जायचं, इतकंच. पैसे त्यांनाच मिळतील, उलट जास्त. पुरुषवाडीला ही पद्धत आहे. पाहुणे कुणाच्या घरी जेवणार ते गाव ठरवतं, आळीपाळीने.

संपादक मंडळ

काजव्यांवर वेगळा धागा आहे. इथे मूळ विषय चालू द्यावा.

टिवल्याबावल्या

धाग्यावर फ्लॅश मारू नये, असं म्हणायचंय संपादकांना.

निवृत्त_मास्तर

उशिरा आलो. याच पट्ट्यात आश्रमशाळेत नोकरी झाली, तेव्हा एक वेगळी बाजू मांडतो.

आमच्याकडे मुलं जूनच्या मध्यावर शाळेत यायची, घर कुणाचं आठ कोसांवर तर कुणाचं त्याहून लांब. नेमकं त्याच वेळी डोंगरात सगळं सुरू होतं. चाईचे कोंब येतात, फोडशी येते, कुर्डू, भारंगी. ओढ्यात खेकडे, वलगणीचे मासे. भाताची आवणी. हे सगळं होताना पोरगं वसतिगृहात वांगं-बटाट्याची भाजी खातंय आणि वहीत लिहितंय, 'झाडे आपले मित्र आहेत'. दिवाळीला घरी जातं, उन्हाळ्यात जातं. म्हणजे पावसाळ्यातलं रान त्याने पाहिलेलंच नाही, दहा-दहा वर्षं. आजीला तीसएक भाज्या येतात, आईला पंधरा, पोरीला करटुली आणि टाकळा.

शाळेला नावं ठेवत नाही. त्या शाळेमुळे मुलं नोकरीला लागली, कुणी नर्स झाली, कुणी तलाठी. भातखाचर यांच्यासारखे इथे लिहितात तेही शाळेमुळेच. पण शहरातली मुलं जे शिकायला डोंगरात जाणार, ते डोंगरातल्या मुलांच्या हातून सुटत चाललंय. तुम्ही एखाद्या आजीला मानधन देऊन रानात घेऊन जाणार असाल, तर सोबत वाडीतली चार पोरंही न्या. एवढंच मागणं.

भातखाचर

मास्तर, नमस्कार. तुम्ही कुठल्या शाळेत होता ते विचारत नाही, पण वांगं-बटाटा वाचून अंदाज आलाय.

खरं आहे. मला भारंगी ओळखता येते पण कुठली पानं घ्यायची आणि पाणी किती वेळा टाकायचं ते बायकोला विचारावं लागतं, आणि ती तिच्या आईला फोन लावते.

वनस्पतीवेडी

मास्तरांच्या मुद्द्याला जोडून: आजीने सांगितलेलं लिहून, फोटो काढून इंटरनेटवर टाकण्याआधी तिला आणि गावाला विचारा. विशेषतः औषधी. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात असते हा भाग वेगळा. भगत आणि जाणत्या बायका सगळं दाखवत नाहीत, तो त्यांचा हक्क आहे.

कोकणस्थ_कावळा

मी विरुद्ध मत मांडतो. एवढं सगळं करून मुलं परत येऊन एसी लावणारच ना? महिनाभर चुलीजवळ बसून शाश्वत जीवनशैली येत नाही. त्यापेक्षा घरातला ओला कचरा जिरवा, गाडी कमी चालवा. गरीब माणसाची अडचण ही आपल्या मुलांची शाळा का व्हावी?

निवृत्त_मास्तर

प्रश्न योग्य आहे. पण अडचण बघायला बोलावताहेत असं कुठे? हिरडा कधी काढायचा हे अडचण नाही, कसब आहे. आपण सुताराकडे पोराला पाठवलं तर सुताराच्या गरिबीचा अभ्यास करायला पाठवतो का?

धानोऱ्याचा_पाहुणा

मास्तर +१. आणि कावळेकाका, कचरा जिरवायला कुणी मनाई केलेली नाही, दोन्ही होतं.

पावसाळी_ढग

एक गंभीर गोष्ट. पावसाळ्यात मुलांना घेऊन राहणार असाल तर जागा बघून राहा. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा मंचरला होतो, पुढचं लिहीत नाही.

भातखाचर

माळीण आमच्यापासून लांब नाही. आमचे पाहुणे होते तिथे.

त्यानंतर पडकईवर खूप चर्चा झाली म्हणून सांगतो. पडकई म्हणजे उतारावर दगडाची ताल रचून, माती अडवून भाताचं खाचर पाडायचं. पूर्वी आख्खी वाडी एकेकाच्या शेतावर जायची, पहारी-टिकाव घेऊन. एका उन्हाळ्यात होऊन होऊन किती होणार? तुकडा. पुढे योजना आली, यंत्रं आली आणि उन्हाळ्याचं काम दिवसात व्हायला लागलं. माळीणच्या वेळी काहींनी त्यावर बोट ठेवलं, काहींनी नुसत्या पावसाला कारण धरलं. मी भूगर्भवाला नाही. पण आमचा म्हातारा ताल रचताना प्रत्येक दगड हलवून बघतो आणि पाण्याला वाट कुठून द्यायची यावर दोघा भावांची भांडणं होतात. यंत्रवाल्याशी भांडायला वेळ मिळत नाही, तो तासावर पैसे घेतो.

सिॲटलकर

हा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो बांधकाम क्षेत्रात आहे. म्हणाला, पाण्याला वाट हा आमच्याकडे पण पहिला प्रश्न असतो आणि तिथेच पैसे वाचवतात.

आनंदी_गोगलगाय

सगळ्यांचे वाचून घरात चर्चा झाली. मुलगी म्हणते हिरडा वेचायला जाऊ. मुलाने विचारलं, खेकडे चावतात का?

माझी कल्पना फारच 'माझ्या सुट्टीच्या सोयीने' होती, ते कळलं. मे महिन्यात पाण्याची ओढ असताना चार जणांचं कुटुंब जाऊन राहणं बरोबर वाटत नाही. जून-जुलैत शाळा असते, आमच्याही आणि तिथल्या मुलांच्याही. मग कधी?

भातखाचर

दिवाळीत या की.

आश्रमशाळेतली पोरं घरी असतात, मास्तरांची अट तिथेच पूर्ण होते. भात कापणीला आलेला असतो, गरवा (उशिरा पिकणारा) असेल तर कापणी दिवाळी झाल्यावरही चालते. ओढ्यांना पाणी असतं. जळवा आणि चिखल संपलेला. वसुबारसेला आमच्याकडे वाघबारस असते. गुराखी पोरं रानात वाघोबाच्या ठिकाणी जमतात, खीर करतात, गुरांना राखा म्हणून वाघोबाला सांगतात. एक पोरगं वाघ होतं आणि बाकीचे त्याला पिटाळतात. तुमच्या मुलाला वाघ करू, नवीन माणसाला तोच मान.

महिना नको, आठवडा करा. नंतर वाटलं तर परत या, मे महिन्यात हिरड्याला दोन दिवस या. एकदम महिनाभर राहिलेला माणूस नंतर येत नाही. थोडा थोडा येणारा येत राहतो.

पैशाचं: खोलीचं भाडं नको, आमची जागा पडूनच आहे. जेवणाचे पैसे माझ्या हातात देऊ नका, जी बाई रांधेल तिच्या हातात द्या. रानात जी आजी फिरवेल तिला एका दिवसाची मजुरी, तुमच्याकडे शिकवणीला देता त्या हिशेबाने. आणि आल्यावर आधी पोलीस पाटील आणि चार जाणत्यांना भेटायचं, कोण कुठून आलंय ते गावाला कळलं पाहिजे.

डोंगरची_हवा

जागा असेल तर मीही येऊ का? कॅमेरा आणणार नाही.

भातखाचर

आणा की, फोटो काढा. फक्त आमच्या म्हातारीला दात नसताना काढू नका, ती कवळी घालून बसते मग दुपारपर्यंत.

आनंदी_गोगलगाय

नक्की. व्यनि करते. नवरा विचारतोय, रेंज असते का? दोन दिवस त्याला काम करावं लागेल.

भातखाचर

घरात नाही. टेकडीवरच्या देवळाच्या कट्ट्यावर आहे, तिथे आमची तीन पोरं आधीच 'वर्क फ्रॉम टेंपल' करतात.

टिवल्याबावल्या

मीही येतो. अमर्यादित चिकन आहे का?

भातखाचर

मर्यादित कोंबडा आहे, एकच, आणि तो आमच्या आईचा लाडका आहे. तुम्ही आलात तर ओढा ओलांडून खेकडे धरायला लागतील.

आणि ताई, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे द्या, भाताची पात हाताला चरचर कापते. विळे आणू नका, आमच्याकडे आहेत. दातेरी विळा उजव्या हाताचा असतो. तुमच्यात कुणी डावखुरं असेल तर आधी सांगा.

आनंदी_गोगलगाय

मुलगा डावखुरा आहे!

भातखाचर

मग आठवडी बाजारात लोहाराला सांगून ठेवतो. त्याला महिना लागतो, लवकर कळवलंत ते बरं झालं.